पहिल्या महिन्यात नुकसान झालं तर?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात तरुणांसाठी उद्योजकता शिबिर भरलं होतं. मी भाचीला सोडायला गेले आणि शेवटपर्यंत बसले. वक्ते दोन तास मानसिकतेवर बोलले. मराठी माणूस धंद्यात मागे आहे तो भांडवलामुळे नव्हे, बाजारामुळे नव्हे, डोक्यात बसलेल्या भीतीमुळे. तो एक तारखेच्या पगाराचा गुलाम आहे. विचार बदला, नशीब बदलेल, असा सगळा सूर. मुलांनी उभं राहून, मुठी आवळून घोषणा दिल्या. मग प्रश्न विचारायला सांगितलं. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. घरी मसाले करून विकते म्हणाली. तिचा प्रश्न एका ओळीचा होता : ‘‘सर, पहिल्या महिन्यात नुकसान झालं तर घरी काय सांगायचं?’’ वक्ते म्हणाले, ‘‘ताई, नुकसानाचा विचार मनात आला, तिथंच आपण हरलो.’’ टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली आणि उरलेला वेळ मोबाइलकडे बघत राहिली.

त्या दोन तासांत कामाचं असं काही बोललं गेलं असेल तर ते त्या मुलीनेच. ‘मराठी माणूस आणि धंदा’ हा वाद आपल्याकडे दर काही महिन्यांनी पेटतो आणि दर वेळी त्याच दोन खांबांना बांधलेला राहतो. एक बाजू म्हणते, दोष आपल्या मानसिकतेचा. दुसरी म्हणते, दोष बाहेरच्यांचा, बाजार त्यांनी बळकावले. माझं म्हणणं दोघांहून वेगळं आहे. धाडस, चिकाटी, पुढाकार हे गुण खरे आहेत आणि त्यांच्यावाचून धंदा होत नाही; पण ते भाषणाने अंगात येत नाहीत. कष्ट केले की काहीतरी हाती लागतं आणि पडलो तर कुणीतरी उचलतं, हा अनुभव पुन्हा पुन्हा आला की मनात जे साठतं त्यालाच आपण मागाहून मानसिकता म्हणतो. हा अनुभव मिळायची सोय जिथं पिढ्यान्‌पिढ्या असते तिथली मुलं जन्मतः धीट वाटतात. जिथं नसते तिथल्या मुलांना आपण भित्री ठरवतो. मुलांना ‘भिऊ नका’ सांगण्याआधी घराने, नात्यागोत्याने, गावच्या पतसंस्थेने स्वतःला विचारायला हवं की हा मुलगा पडलाच तर तो कुठं पडणार.

समोरच्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करते. आपल्या घरांत नोकरीची ओढ आहेच. दुकान टाकणाऱ्या मुलाला स्थळं कमी सांगून येतात आणि शिपायाची का होईना, सरकारी नोकरी लागली की पेढे वाटले जातात. गल्ल्यावर बसून गिऱ्हाईकाशी गोड बोलायचं, दिवसाचा रोजमेळ त्याच रात्री मिटवायचा, येणी मागताना लाजायचं नाही, या गोष्टी आपल्या शाळेने शिकवल्या नाहीत आणि घरानेही नाहीत. आणि पुढाकार शिकवता येतो याला भक्कम पुरावा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या राजधानीत, लोमे शहरात, १,५०० छोट्या व्यावसायिकांवर एक प्रयोग झाला आणि २०१७ साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाला हिशेब, विक्री वगैरेंचं नेहमीचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्याला मानसशास्त्राच्या आधाराने स्वतःहून पुढाकार घ्यायला, अडचणीचा आधी विचार करायला, अडथळा आला तरी काम न सोडायला शिकवलं. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. पुढे दोन-अडीच वर्षं नोंदी ठेवल्या. पुढाकार शिकलेल्यांचा नफा तिसऱ्या गटाच्या तुलनेत ३० टक्क्यांनी वाढला. हिशेब शिकलेल्यांचा ११ टक्के, तोही इतका डळमळीत की योगायोगाने तसं घडलं असंही म्हणता यावं. मानसिकतेच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या हातात याहून धारदार उदाहरण मला ठाऊक नाही.

पण ते शिक्षण झालं कसं, हे बघितलं की त्याची धार दुसरीकडे वळते. ती सगळी माणसं आधीपासून स्वतःचा छोटा धंदा चालवत होती. चार आठवडे, आठवड्यातून तीन अर्धे दिवस, ती स्वतःच्याच धंद्यातले प्रश्न घेऊन बसली. त्यानंतर चार महिने, दर महिन्याला एकदा, प्रशिक्षक त्यांच्या दुकानात जाऊन बसला, काय ठरवलं होतं आणि काय झालं ते त्याने पाहिलं. शिवाय अडचण काय येईल याचा आधी विचार करायला त्यांना मुद्दाम शिकवलं होतं. म्हणजे मसालेवाल्या मुलीने विचारलेला प्रश्न त्या वर्गात पहिल्या दिवशीचा धडा ठरला असता. आमच्या मंगल कार्यालयात तोच प्रश्न पराभवाची खूण ठरला. दोन तासांच्या घोषणा आणि दुकानात येऊन बसणारा माणूस यांना एकाच ‘प्रेरणा’ या शब्दाखाली ठेवायचं, हा मला या वादातला सगळ्यात मोठा घोटाळा वाटतो.

आता नोकरीच्या ओढीकडे येऊ. ही खरंच मनाची कमजोरी आहे का? की ते अनुभवातून काढलेलं शहाणं गणित आहे? महाराष्ट्राची बहुतेक शेती पावसावरची. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाईला, किंवा मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर आठ माणसं जगवणाऱ्या कोकणातल्या म्हातारीला विचारा, एक तारीख म्हणजे काय ते. ज्या घरात उत्पन्नाची सगळी अनिश्चितता आभाळाने आधीच वापरून टाकली आहे, त्या घराने मुलाला आणखी जोखीम घे म्हणून सांगायचं कशाच्या बळावर? तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. ऊस तुटून पैसे हाती येण्याआधी आणि आल्यानंतर, त्याच शेतकऱ्यांना विचारशक्तीच्या त्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या. पैसे येण्याआधी, तंगीच्या दिवसांत, त्याच डोक्याने वाईट कामगिरी केली. माणूस तोच, संस्कार तेच, जात तीच. बदलला होता तो फक्त खिसा. ‘गरिबी ही मानसिकता आहे’ असं सहज म्हणणाऱ्यांनी उसाचे पैसे येण्याआधीचं आणि आल्यानंतरचं हे अंतर समजून घ्यावं.

आणि कर्ज? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून जाळले, वणवा आसपासच्या गावांत पसरला आणि सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या शेतकऱ्याच्या घरात कर्ज म्हणजे जमीन गिळणारा कागद. व्यापाऱ्याच्या घरात तोच शब्द म्हणजे माल फिरवायचं साधन, रोजचं, हातोडी-करवतीसारखं. मुलगा दोन्ही घरांत एकच शब्द ऐकत वाढतो, पण एका घरात तो ऐकून आईचा चेहरा पडतो आणि दुसऱ्या घरात बाप वही उघडतो. पंचवीस वर्षांनी आपण त्या दोघांना शेजारी उभं करून एकाला धाडसी आणि दुसऱ्याला भेकड म्हणणार का?

यावर लगेच सिंधी समाजाचं नाव येतं, आणि ते यायलाच हवं, कारण माझ्या म्हणण्याला तो सगळ्यात अवघड प्रश्न आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत आले. घर, जमीन, दुकान सगळं मागे राहिलं होतं. १९४९ साली त्याच छावण्यांचं उल्हासनगर झालं आणि बघता बघता बाजारपेठ उभी राहिली. जोखमीला आधार लागतो म्हणता, मग यांना कुणाचा होता? पण खिसा रिकामा असणं आणि माणूस एकटा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातल्या व्यापारी घरांची पिढ्यांची उठबस बाजारात होती. माल कुठून आणायचा हे ठाऊक होतं, तोंडी शब्दावर उधार माल देणारा कुणी ना कुणी ओळखीचा होता, आणि शेजारच्या बराकीतला माणूसही तेच करत होता. मारवाडी पेढ्यांचंही तसंच. गावाकडून आलेला पोरगा कलकत्त्यात किंवा मुंबईत उतरला की त्याला राहायला-जेवायला समाजाचा बासा असे, नात्यातल्या पेढीवर काम असे, आणि काही वर्षांनी हात बसला की सुरुवातीचा माल उधारीवर मिळे. सिंधी माणसाचं धैर्य मी अजिबात कमी लेखत नाही. सर्वस्व गमावून पुन्हा उभं राहणं सोपं नव्हतं. पण त्या धैर्यातून केवळ ‘विचार’ उचलून आपल्या मुलांच्या डोक्यात घालायचा आणि त्याखालची माणसांची वीण विसरायची, यातून हाती काय लागणार?

शिबिरांत लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट हमखास सांगितली जाते. बढती डावलली म्हणून मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली नोकरी सोडणारा बाणेदार मराठी माणूस. गोष्ट खरी आहे, पण अर्धी सांगितली जाते. नोकरी सोडण्याच्या कितीतरी आधी, १८८८ मध्ये, बेळगावात सायकलींचं दुकान निघालेलं होतं. लक्ष्मणराव मुंबईत शिकवत आणि सायकली पाठवत, दुकान रामूअण्णा, म्हणजे भाऊ, सांभाळत. म्हणजे ज्या पगाराला वक्ते गुलामी म्हणतात त्याच पगाराच्या सावलीत तो धंदा रुजला. पुढे लोखंडी नांगर केले तर ते खपेनात, लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांना भीती. त्यानंतर बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं, बिनव्याजी कर्ज दिलं, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. भाऊ, पगार आणि संस्थानिक हे तिघं काढून घ्या आणि मग सांगा, उरलेला निर्धार किती वर्षं टिकला असता. त्यांच्या मोठेपणाला याने बाध येत नाही. मला तर ते जास्त जवळचे वाटतात, कारण या गोष्टीतून आपल्याला करण्याजोगं काहीतरी सापडतं. लक्ष्मणराव होणं सगळ्यांना जमणार नाही. रामूअण्णा होणं पुष्कळांना जमेल.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ या वाक्यातून कोण वगळलं जातं याचा. गिरणगावात कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुरातून आलेले हजारो कामगार बायका-मुलांना गावी ठेवून एकेका खोलीत दहा-दहा जण राहत. त्यांना दोन वेळचं जेवू कोण घालत होतं? खानावळवाल्या. पहाटे उठून पंधरा-वीस माणसांचं रांधणाऱ्या, पाळ्यांप्रमाणे पानं वाढणाऱ्या, कुणाची सुट्टी, कुणाचा उपास, कुणाची बाकी हे सगळं डोक्यात ठेवणाऱ्या बायका. गिऱ्हाईक महिना भरल्यावर, पगार झाल्यावर पैसे देणार. पण तांदूळ, डाळ, रॉकेल आज लागणार. म्हणजे या बाईने स्वतः महिनाभराची उधारी दिली आणि स्वतःला लागणारा माल वाण्याकडून चढ्या व्याजाने आणला. खेळतं भांडवल, येणी, देणी, बुडीत रक्कम, सगळं तिच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत होतं. यात नोकरदार मानसिकता कुठं दिसते? तिच्याकडे धाडस होतं, शिस्त होती, गिऱ्हाईक होतं. नव्हती ती रास्त व्याजाची रक्कम, आणि तिला जामीन राहणारं माणूस. गोवा मुक्तीच्या लढ्यातून कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालेलं होतं, त्या आधाराने बायकांच्या गटांना, एकमेकींच्या हमीवर, कर्जं मिळू लागली. त्यांना ‘मोठी स्वप्नं बघा’ म्हणून कुणी सांगायची गरज पडली नाही. सावकाराचा फास सैल झाल्यावर त्यांची कर्तबगारी बँकेच्याही नजरेला आली. ती तिथं आधीपासूनच होती.

गिरगावात १९५९ साली सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि लिज्जत उभं राहिलं, तिथंही पैसे देणारं एक माणूस होतं आणि माल घेणारा भुलेश्वरचा एक ओळखीचा दुकानदार होता. मावळ-जुन्नर-आंबेगावच्या डबेवाल्यांनी १८९० पासून जो व्यवसाय चालवला त्यात तर मालक-नोकर हा भेदच नाही, गटातली मिळकत वाटून घेतली जाते आणि कुणी आजारी पडला तर त्याची फेरी दुसरा करतो. हा मराठी माणसाचाच धंदा आहे. आपण त्याला धंदा म्हणत नाही, कारण त्यात काचेचं ऑफिस नाही.

दुसऱ्या बाजूबद्दल थोडक्यात. परप्रांतीयांनी संधी पळवली म्हणणाऱ्यांची तक्रार अगदी पोकळ नाही. ज्यांचं जाळं आधीपासून विणलेलं असतं त्यांना नवा बाजार लवकर हाती येतो आणि बाहेरून येणाऱ्याला तिथं शिरायला जागा मिळत नाही, हे खरं. पण दुसऱ्याचं जाळं तोडून आपलं विणलं जात नाही. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी काय केलं? गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं, धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थतज्ज्ञाला अध्यक्ष म्हणून सोबत घेतलं, आणि १९५० च्या सुमाराला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू केला. सुप्याच्या दंग्याला तेव्हा उणीपुरी पंचाहत्तर वर्षं झाली होती. कर्जरोखे जाळणाऱ्यांच्या पणतवंडांच्या पिढीने कारखान्याचे शेअर घेतले, ही मला महाराष्ट्राच्या इतिहासातली फार मोठी घटना वाटते, आणि ती प्रेरणादायी भाषणाने घडलेली नाही. पुढे सहकाराचं राजकारणाने काय केलं ते आपण सगळे बघतो आहोत, आणि त्या पडझडीनेच ‘एकत्र येऊन काही होत नाही, ज्याचं त्याने बघावं’ हा विचार बळावला. शिबिरवाल्यांना श्रोते मिळतात ते इथून.

मग माणसाने स्वतः काहीच करायचं नाही का? करायचं, आणि रोज करायचं. घरखर्चाचा डबा आणि धंद्याचा डबा वेगळा ठेवायचा. रात्री दहा मिनिटं वही लिहायची. उधारी किती दिवसांची आणि किती रकमेची, हे गिऱ्हाईक दारात उभं राहण्याआधी ठरवायचं. मन खचलं असतानाही या गोष्टी करता येतात, उलट त्या केल्याने मन सावरतं, असं मी पाहिलेलं आहे. पण या सवयीसुद्धा बघून लागतात. दूरच्या वक्त्याचा प्रभाव हॉलच्या फाटकापर्यंत टिकतो. शेजारी बसून वही बघणाऱ्या माणसाचा प्रभाव आयुष्यभर पुरतो, मग तो बोलण्यात कितीही साधा असो.

आमच्या घरात असा माणूस होता, आणि आम्ही तो वाया घालवला. माझ्या धाकट्या काकांनी १९९१ साली पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करून द्यायचं दुकान टाकलं. हात उत्तम होता. शेतकरी मोटार घेऊन यायचे, पीक आल्यावर पैसे देतो म्हणायचे, काकांना नाही म्हणवत नसे. चौदा महिन्यांत दुकान बंद झालं. त्याच वर्षी समोरच्या कच्छी पटेलांच्या प्लायवुडच्या दुकानातला पुतण्याही तोट्यात गेला. त्याला घरच्यांनी दुसऱ्या गावी चुलतभावाच्या दुकानात दोन वर्षं बसवलं, मग पुन्हा माल भरून दिला. आमच्या घराने काय केलं? आजोबांनी सांगितलं, धंद्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. काकांना एका गोदामात नोकरी लागली आणि तिथं त्यांनी सव्वीस वर्षं काढली. आम्हा भावंडांपैकी कुणी वेगळं काही करायचं म्हटलं की आई एकच वाक्य म्हणायची, ‘‘काकांचं काय झालं ते बघितलंस ना?’’ दोन घरं, एकाच रस्त्यावर, एकच तोटा. एका घरात तो तोटा शिक्षण ठरला, दुसऱ्यात इशारा. माझ्या भावंडांतल्या एकानेही आजवर धंदा केला नाही, आणि याचं कारण कुणी मला ‘मराठी मानसिकता’ म्हणून सांगू लागलं तर मी त्याला तो रस्ता दाखवीन.

शिबिर संपल्यावर मी त्या मुलीला फाटकाशी गाठलं. तिचा नंबर घेतला. पुढच्या रविवारी ती आईला घेऊन आमच्याकडे आली, पिशवीत मसाल्याची पाकिटं आणि एक दोनशे पानी वही. काका आता सत्तरीच्या पुढे आहेत. मी त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं, फक्त बसायला बोलावलं. त्यांनी पाकीट हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं, मिरची कुठून आणतेस विचारलं, कांडपाचे किती देतेस विचारलं. मुलगी सांगत गेली. मग तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, नुकसान झालं तर घरी काय सांगायचं, आणि तिची आई खाली बघू लागली. काकांनी उत्तर दिलं नाही. चष्मा लावला, वही मागितली आणि ती मागच्या पानापासून उघडली. तिथं उधारीची नावं होती.